पदर आधी पेटतो
वॉर्डात आलेल्या कितीतरी बायांचा आधी पदरच पेटलेला असे. नायलॉन वितळून कातडीला चिकटते, म्हणून कर्जत-खालापूरच्या वस्त्यांत मी चुलीपाशी सुतीच नेसायला सांगते. पण सुतीही पेटते. तापल्यावर त्यातून जळणारा वायू निघतो.

वेल्डिंगच्या अग्निरोधक सुती कपड्यावर फॉस्फरस-नायट्रोजनयुक्त पॉलिमर बसवलेले असते. आच लागली की कपडा भडकण्याऐवजी जागीच कोळसा होतो, वायू कमी सुटतो. तो ब्लीचने धुऊ नका, गुण जातो.

आपल्या साडीला हे कवच नाही. पदर खोचा. पेटलाच तर धावू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागी २० मिनिटे गार वाहते पाणी सोडा; टूथपेस्ट, हळद लावू नका. दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन करावा.