परदेशी विद्यार्थ्याची पहिली विषयनोंदणी : अमेरिकन विद्यापीठांच्या संदर्भात

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयात शिकलेल्या विद्यार्थ्याला विषयनोंदणी ही स्वतंत्र कृती म्हणून क्वचितच जाणवते. अभ्यासक्रम विद्यापीठाने ठरविलेला असतो, वेळापत्रक महाविद्यालयाने लावलेले असते; शुल्क भरले की सत्र सुरू होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ऐच्छिक विषय वाढले असले, तरी निवडीचा वाव बहुधा मर्यादितच राहिला आहे. हाच विद्यार्थी अमेरिकेतील विद्यापीठात दाखल होतो तेव्हा प्रवेश मिळूनही त्याचे वर्ग ठरलेले नसतात. ते त्याने निवडावयाचे असतात आणि ही निवड शैक्षणिक असते तशीच कायदेशीरही असते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अंगाचा प्रामुख्याने विचार केला आहे.

एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याने प्रत्येक नियमित सत्रात पूर्णवेळ अभ्यासक्रम घेणे बंधनकारक असते. सत्रपद्धतीच्या विद्यापीठात पदवीस्तरावर याचा अर्थ किमान १२ श्रेयांक असा होतो. पदव्युत्तर स्तरावरील मर्यादा विद्यापीठ ठरविते आणि ती अनेक ठिकाणी ९ असते. पूर्णवेळ अभ्यासाच्या हिशेबात एका सत्रात ऑनलाइन शिक्षणाचा एकच वर्ग किंवा ३ श्रेयांक धरले जातात. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत विद्यापीठाला या विद्यार्थ्याची नोंद 'सेव्हिस' या केंद्रीय संगणकीय प्रणालीत करावी लागते.

खरी अडचण येथून पुढे सुरू होते. एक विषय साधारणतः ३ श्रेयांकांचा, म्हणजे १२ श्रेयांकांचे चारच विषय. एकाच वर्षी सहा-सात पेपर लिहिण्याची सवय असलेल्याला हा भार हलका वाटतो. परंतु दर आठवड्याचे वाचन, लेखन व चाचण्या पाहता तो हलका नसतो. पहिल्या काही आठवड्यांत एखादा विषय झेपेनासा झाला, की स्थानिक विद्यार्थी तो संगणकावर सोडून देतो. संगणक परदेशी विद्यार्थ्यालाही बहुधा अडवीत नाही. मात्र पूर्वपरवानगीविना १२ चे ९ झाले, तर त्याचा विद्यार्थी म्हणून असलेला वैध दर्जाच धोक्यात येतो. ही परवानगी विषयाचे प्राध्यापक किंवा शैक्षणिक सल्लागार देऊ शकत नाहीत. ती 'डेझिग्नेटेड स्कूल ऑफिशियल' या नियुक्त अधिकाऱ्याने, विषय सोडण्याआधी, द्यावयाची असते. सल्लागाराने होकार दिला म्हणून विद्यार्थी निर्धास्त होतो, आणि घोटाळा नेमका तेथेच होतो.

नियम मात्र वाटतो तितका निष्ठुर नाही. इंग्रजी भाषेची किंवा वाचनाची सुरुवातीची अडचण, अमेरिकन अध्यापनपद्धतीचा अपरिचय आणि चुकीच्या पातळीच्या वर्गात झालेली नोंदणी ही कारणे त्यात स्पष्टपणे मान्य केलेली आहेत. अशा वेळी भार कमी करता येतो, पण निम्म्यापर्यंतच. शिवाय ही सवलत एका पदवीस्तरावर एकदाच मिळते. वैद्यकीय कारणासाठी वेगळी, एकूण १२ महिन्यांपर्यंतची तरतूद आहे.

चुकीच्या पातळीची नोंदणी टाळण्यात येथील प्राध्यापकांचाही वाटा असू शकतो. तेथील वरच्या वर्गासाठी आधीचा विषय पूर्ण झाल्याचा पुरावा मागितला जातो. येथील गुणपत्रिकेवर बहुधा पेपरचे नाव व गुण एवढेच असतात. आत काय शिकविले हे त्यावरून समजत नाही. प्रत्येक पेपरचा घटकनिहाय, साक्षांकित अभ्यासक्रम इंग्रजीत सोबत असल्यास सल्लागाराला योग्य पातळी ठरविता येते. तो विद्यार्थी जाण्यापूर्वी मिळालेला बरा. तेथे पोहोचल्यावर नोंदणीची मुदत मोजक्या दिवसांची असते.