दोन लाख घरे, तेराशे गावे

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपतीचे विसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे गाढ झोपेत होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे काही सेकंदांत कोसळली. जवळपास ८ हजार माणसे गेली.

धक्का ६.२ तीव्रतेचा होता. २००१ साली कच्छमध्ये बसलेला धक्का होता ७.७ चा, ऊर्जेच्या हिशेबात किल्लारीच्या सुमारे पावणेदोनशे पट. मग तुलनेने एवढ्या लहान भूकंपात इतकी माणसे का दगावली? कारण त्यांच्या डोक्यावर होते. उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून माळवदावर पिढ्यान्‌पिढ्या मातीचे थर चढत गेले होते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती धरली, तरी वजन होते साडेआठ टनांच्या आसपास. एक भरलेला ट्रकच म्हणा ना! त्याखाली लेकरे झोपलेली, आणि भिंती गोट्यांच्या, मातीत बसवलेल्या.

पुनर्वसन म्हटले की ५२ गावांची आठवण निघते. ही गावे नव्या जागी, रुंद रस्त्यांसह वसवली गेली. मला मात्र त्याहून मोठा वाटतो तो दुसरा आकडा. जिथे घरे तडकली होती पण उभी होती, तिथे ती जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. अशी घरे होती जवळपास २ लाख. रोज एक घर उरकायचे ठरवले असते, तर साडेपाचशे वर्षे लागली असती. जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेला तो कार्यक्रम १९९४ ते १९९८ या काळात पार पडला. सरासरी काढली तर दिवसाला शंभरावर घरे.

एवढे काम कुठल्या कंत्राटदाराच्या आवाक्यातले? मदत हप्त्याहप्त्याने घरमालकाला मिळायची, नुकसानीप्रमाणे १७ हजार किंवा ३४ हजार रुपये, आणि काम त्यानेच करून घ्यायचे. पण गवंड्याला काय सांगायचे, हे कळल्याशिवाय पैशाचा उपयोग काय? इथे बायका पुढे आल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेने सुमारे १,३०० गावांत महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ उभ्या केल्या. भिंतीत आरपार दगड हवा, वर काँक्रीटचा पट्टा फिरायला हवा, माळवदाची माती कमी करायला हवी, हे त्यांनी शिकून घेतले आणि घरोघरी जाऊन सांगितले. ज्यांना ग्रामसभेत बसायचीही सवय नव्हती, त्या बायका आता दुरुस्तीच्या कामावर नजर ठेवू लागल्या. कच्छची घरे पडली, तेव्हा तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि बांधणी समजवायला यांच्यातल्याच काहीजणी गेल्या.

नव्या जागी वसवलेल्या त्या ५२ गावांत घराचा आकार जमिनीवरून ठरला होता. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. तेव्हाची मुले आता आई-बाप झाली आहेत आणि २५० फुटांत दोन संसार मावत नाहीत. म्हणून मजबूत खोलीला लागून नव्या खोल्या उठतात. त्यांतल्या कित्येकींना तो काँक्रीटचा पट्टा नसतो.