जकात गेली, भरपाई आली

३० जून २०१७ च्या मध्यरात्री मुंबईतली जकात संपली. तोवर शहरात येणाऱ्या मालावर मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर महापालिका हा कर घेई. पावती हाती पडेपर्यंत ट्रक जागचा हलत नसे आणि त्याची झळ महामार्गालगत राहणाऱ्या मुलुंड-दहिसरकरांना रोज बसे.

एक पर्याय आधीच पुढे आला होता: स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी. २०१० पासून तो राज्यातल्या इतर महापालिकांत टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्यात नाका नव्हता. व्यापाऱ्याने स्वतः हिशेब मांडून कर भरायचा. नोंदवह्यांच्या तपासणीचा धसका घेऊन व्यापाऱ्यांनी २०१३ मध्ये दुकाने बंद ठेवली. मुंबईत एलबीटी आलाच नाही.

मग वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी आला आणि जकात त्यात विलीन झाली. जकात हा महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वात मोठा स्रोत होता. त्याबदल्यात राज्य सरकार २०१७ च्या कायद्यानुसार दरमहा भरपाई देते, वर्षाला ८ टक्के चक्रवाढीने. जुलै २०१७ मधला पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटी रुपयांचा होता.

रांगा गेल्या, हे चांगलेच झाले. पण स्वतःच्या हक्काच्या वसुलीऐवजी महापालिका आता मंत्रालयातून येणाऱ्या हप्त्यावर अवलंबून आहे, ही बाब मुंबईकरांनी गांभीर्याने घ्यायला हवी.