किल्ली कुणाकडे ठेवायची?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती आणि मधली थोडी हसाहशी काढून टाकली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी कळवलं की ‘एकत्र कुटुंब मोडलं आणि माणसं एकाकी झाली’ यावर बोला. आज बोलतो. पण आधीच सांगून ठेवतो, हे वाक्य मला अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं का पटत नाही, हे सांगण्यातच आजचा बराचसा वेळ जाणार आहे.

सुरुवात माझ्या आईपासून करतो. तिला विचारलंय, तिची हरकत नाही.

आमची चाळ लालबागला. तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर अठरा खोल्या, मधून लांबलचक गॅलरी आणि टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. पुढे चाळ पडली, तिथे टॉवर झाला आणि २०१९ मध्ये आई सतराव्या मजल्यावर राहायला गेली. वडील त्याआधीच गेले होते. मी पुण्यात. नवीन घर खरंच छान आहे. पहिले तीन महिने आई आल्यागेल्याला दार उघडून बाथरूम दाखवायची. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरात संडास होता, आपण हसण्यासारखं त्यात काही नाही. चौथ्या महिन्यात एकदा संध्याकाळी सात वाजता मी फोन केला, तर पलीकडून घोगरा आवाज. मला वाटलं, सर्दी झाली. ती म्हणाली, “नाही रे, सकाळपासून कुणाशी बोललेच नाहीये. आत्ता तुझा फोन उचलला तर आवाजच फुटेना.”

आता मी काही तिला वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. रोज फोन करत होतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, बाई आली होती का, दार नीट लावलंस का. रोज तेच चार प्रश्न आणि तीच चार उत्तरं. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की हे बोलणं नाही, ही हजेरी आहे.

आपल्या भाषेत यासाठी तीन वेगळे शब्द आहेत, आणि आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. एकटेपणा म्हणजे आजूबाजूला कुणी नसणं. ही मोजता येणारी गोष्ट आहे, घरात माणसं किती ते मोजा. एकांत म्हणजे आपणहून निवडलेला एकटेपणा; चाळीत तो कुणालाच मिळत नव्हता, आणि लग्न झालेल्या जोडप्यांना तर नाहीच नाही. एकाकीपणा मात्र आतून जाणवतो. आपल्याला हवी तशी नाती आणि आपल्याकडे असलेली नाती यात जे अंतर पडतं, ते म्हणजे एकाकीपणा. म्हणून बारा माणसांच्या घरातली सून एकाकी असू शकते आणि एकटा राहणारा एखादा निवृत्त मास्तर मजेत असू शकतो.

रॉबर्ट वाइस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये यात आणखी एक फरक दाखवला. एक भावनिक एकाकीपणा, म्हणजे अगदी जवळचं, मनातलं सांगावं असं माणूस नसणं. दुसरा सामाजिक, म्हणजे आपलं वर्तुळ नसणं: शेजारी, ओळखीपाळखीचे, जाता-येता हाक मारणारे. यातली खोच अशी की एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. जोडीदार गेलेल्या माणसाला भजनी मंडळात बसवून ती पोकळी भरत नाही. आणि मुलाने रोज तासभर जरी फोन केला, तरी गॅलरी भरून निघत नाही. आईची गॅलरी गेली होती, आणि मी जास्त प्रेमाने फोन करत होतो.

बरं, आता त्या एकत्र कुटुंबाकडे येऊ. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची व्याख्या केली: एका छपराखाली राहणारे, एका चुलीवरचं जेवणारे, मालमत्ता सामाईक असणारे, देवघर एक असणारे. आपल्या डोळ्यांपुढे लगेच वाडा येतो, ओसरीवर झोपाळा, आजोबा, तीन पिढ्या. पण असे वाडे किती जणांचे होते? समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी गुजरातमधल्या एका गावाच्या १८२५ सालच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तिथे लहान, साध्या कुटुंबांचीच संख्या जास्त निघाली. यात नवल नाही. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतात सरासरी आयुर्मान तिशीच्या थोडं पुढे होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, हे मान्य. तरीही नातवाचं लग्न बघणारे आजोबा हा अपवादच असायचा. आज आयुर्मान सत्तरच्या आसपास आहे. म्हणजे म्हातारपणाची वीस-पंचवीस वर्षं हीच मुळात नवीन गोष्ट आहे, आणि ती कशी काढायची याचा जुना नमुना आपल्याकडे नाही.

आणि मुंबईकरांनी तर एकत्र कुटुंबाच्या आठवणी जपून काढाव्यात. १९२१ च्या सुमाराला मुंबईत हजार पुरुषांमागे बायका सहाशेही नव्हत्या. कारण गिरणीतला पुरुष इथे आणि बायको रत्नागिरीला, नाहीतर साताऱ्याला. घर मनिऑर्डरवर चालायचं. नवरा वर्षातून गणपतीला नाहीतर शिमग्याला आठ-पंधरा दिवस. ती बाई सासरच्या भरल्या घरात होती, कागदावर अगदी आदर्श एकत्र कुटुंबात. ती एकाकी नव्हती असं कुणी छातीठोकपणे सांगावं. तिला कुणी विचारलं नाही, एवढंच.

इकडे मुंबईत त्या पुरुषांनी मात्र एक भारी गोष्ट केली. कुटुंब नव्हतं, तर गाव बांधला. एका गावचे लोक मिळून खोली घ्यायचे, गावाचं मंडळ करायचे. पाळीपाळीने झोपायचे, कारण कामाच्या पाळ्या वेगळ्या. जेवण खानावळीत, तीसुद्धा बहुतेक गावाकडच्याच एखाद्या बाईने चालवलेली. नवा पोरगा एसटीतून उतरला की थेट खोलीवर. गोव्याच्या खलाशांच्या ‘कुडी’ होत्या, धोबीतलाव आणि आसपासच्या भागात. प्रत्येक कूड गोव्यातल्या एकेका गावाची. बोट लागेपर्यंत राहायचं, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचा, भांडणं गावच्या लोकांनीच मिटवायची. त्यातल्या काही आजही आहेत. एक प्रकारे ही रक्ताची नसलेली एकत्र कुटुंबंच. सांगायचा मुद्दा, माणसं याआधीही घरापासून तुटली होती. पण तुटलेल्या माणसाला धरायला काहीतरी उभं केलेलं होतं.

चाळही तशीच. चाळीचं कौतुक करताना मी जरा सांभाळून बोलतो, कारण त्यातले गोडवे बहुतेक चाळ सोडून गेलेले पुरुष गातात. पहाटे चारला पाण्यासाठी उठणं, पोटुशी बाईने रांगेत उभं राहणं, भिंतीपलीकडे सगळं ऐकू जाणं, हे बायकांच्या वाट्याला आलं. पण बांधणीकडे बघा. खोली एवढीशी, बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फूट, आणि एका इमारतीत अशा ८० खोल्या. इतक्या लहान खोलीत माणूस मावत नाही, म्हणून तो बाहेर येतो. बाहेर येतो म्हणून दिसतो. आणि दिसतो म्हणून एखाद्या दिवशी दिसला नाही, तर कुणाच्यातरी लक्षात येतं. यासाठी कुणी प्रेमळ असायची गरज नव्हती. भांडण असलेल्या शेजारणीलाही कळायचं की आज हिचं दार उघडलं नाही.

आता त्याच बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत आणि लोकांना ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत. मिळायलाच हवीत. पण टॉवरमध्ये लिफ्ट ते दार एवढाच रस्ता. तिथे उभं राहायला कारण नाही. विरजण मागायला कुणी येत नाही, कारण विरजणाआधी दहीच दहा मिनिटांत घरपोच येतं.

आईच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी यायची, आणि मला ती आधी क्षुल्लक वाटली होती. “किल्ली कुणाकडे ठेवायची?” चाळीत बाहेर जाताना किल्ली शेजारी द्यायची. त्यांची आमच्याकडे. टॉवरमध्ये तिने किल्ली पर्समध्ये ठेवली, दुसरी पुण्याला माझ्याकडे. मी म्हणायचो, सेफ आहे की. तिचं म्हणणं वेगळंच होतं. आपली किल्ली घेईल आणि आपल्याला किल्ली देईल असं त्या मजल्यावर कुणी नव्हतं. तिच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. आपण म्हाताऱ्या माणसांची काळजी घेतो म्हणजे त्यांची कामं काढून घेतो. तू बस, आम्ही बघतो. बसून बसून माणूस जातो कुठे?

मी तिला म्हणायचो, मिसळ ना लोकांत. खाली गार्डन आहे, जा. हा सल्ला तुम्हीही कुणालातरी दिला असेल. तो का चालत नाही, हे मला जॉन कॅसिओपो या शास्त्रज्ञाचं काम वाचल्यावर कळलं. त्यांच्या मते एकाकीपणा हा भुकेसारखा इशारा आहे. माणूस कळपातला प्राणी, कळपापासून तुटला की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. इथपर्यंत ठीक. पण घंटा महिनोन्महिने वाजत राहिली की मेंदू सावध होतो, नको तितका. प्रत्येक चेहऱ्यात नापसंती दिसायला लागते. साधं विसरणं अपमानासारखं लागतं. मग माणूस स्वतःच मागे सरतो, मागे सरला की लोक बोलवायचे थांबतात, आणि त्याची खात्रीच पटते.

आमच्याकडे अगदी हेच झालं. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, निमंत्रण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. आई गेली नाही. का? “मला कुणी बोलावलंच नाही. ग्रुपवर टाकणं म्हणजे काय बोलावणं झालं?” मी चिडलो. आज वाटतं, तीही चूक नव्हती आणि बोलावणारेही नव्हते. हळदीकुंकवाचं बोलावणं घरी जाऊन करायचं असतं, ही तिची रीत. आणि ऐंशी फ्लॅटना घरोघरी जायला वेळ कुणाला आहे? २०११ मध्ये कॅसिओपो आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळे उपाय तपासले, तेव्हा नुसत्या गाठीभेटी घडवून आणण्यापेक्षा हा मनातला उलटा हिशोब दुरुस्त करण्याचा जास्त उपयोग झालेला दिसला. 

प्रकृतीवरच्या परिणामांचं थोडक्यात सांगतो. २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून, तीन लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की ज्यांची नाती घट्ट, त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये यासाठी मंत्री नेमला. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहापैकी एक माणूस एकाकी आहे, त्यातही तेरा ते एकोणतीस वयाची मुलं म्हाताऱ्यांपेक्षा कमी नाहीत, उलट जास्तच.

यावर माझा पहिला विचार होता, पोरांना काय झालंय? मग हिंजवडीच्या पीजीत राहणारी आमच्या ऑफिसातली एक मुलगी आठवली. तिघी एका खोलीत, तिघींच्या शिफ्ट वेगळ्या, तिघींच्या कानात इयरफोन. गिरणी कामगारांची खोलीही अशीच होती, पाळ्याही तशाच. फरक एवढाच की त्या खोलीला गाव होतं. हिच्या खोलीला फक्त डिपॉझिट आहे.

आमच्याकडे पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. फार मोठं काही नाही. मी चार प्रश्न बंद केले आणि आईकडे खरोखरच्या अडचणी घेऊन जायला लागलो. लोणच्याला बुरशी का आली, मुलीच्या मुंजीएवढ्या मोठ्या भांडणात बायकोचं बरोबर की माझं. आता ती मला रागावते, फोन आपटतेसुद्धा. आणि दुसरं आपोआप झालं. समोरच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं आलं, दोघं दिवसभर कामावर, आणि त्यांची पार्सलं दिवसभर येणार. एकदा डिलिव्हरीवाल्याने आईची बेल वाजवली, “काकू, ठेवता का?” तिने ठेवलं. मग रोजच ठेवायला लागली.

(एक गोष्ट मध्येच सांगतो. तुमच्या ओळखीत कुणी ज्येष्ठ माणूस अडचणीत असेल तर एल्डरलाइनचा नंबर १४५६७ आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. दोन्हीला पैसे पडत नाहीत. फ्रिजवर लिहून चिकटवा.)

गेल्या महिन्यात मी न कळवता मुंबईला गेलो. दार बंद, आईचा फोन लागेना. माझ्याकडची किल्ली नेमकी पुण्यात राहिलेली. पोटात गोळा आला. बेल ऐकून समोरचं दार उघडलं, ती मुलगी बाहेर आली. म्हणाली, “काकू नवव्या मजल्यावर गेल्यात, कुणाला तरी उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडायला शिकवतायत. तासभर लागेल. किल्ली आहे माझ्याकडे.” आणि किल्ली हातात देता देता थांबली, मला खालून वर बघितलं आणि विचारलं, “पण तुम्ही कोण?”