गळती सापडली, उड्डाण थांबले!

धायरी फाट्यावरून सिंहगड रस्त्याने पुढे गेले की खडकवासला लागते. तेथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले दोन जवान पुढे अंतराळ स्थानकावर राहून आले. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोव्हिएत यानातून सॅल्यूत-७ स्थानकाकडे निघाले. त्यानंतर ४१ वर्षांनी, २०२५ साली, लखनौचे शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. हे स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते आणि दर दीड तासाला पृथ्वीची एक फेरी पुरी करते.

शुक्लांच्या या प्रवासातील एक गोष्ट आमच्या कष्टकरी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे.

उड्डाणाची तारीख आधी २९ मे ठरली होती. ती पुन्हा पुन्हा पुढे गेली. कोणी म्हणेल, मुहूर्तच लागत नव्हता. पण त्यामागचे एक मोठे कारण वेगळेच होते. जूनमध्ये रॉकेट जमिनीवरच पेटवून चाचणी घेतली, तेव्हा द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली. रॉकेटचे इंधन या ऑक्सिजनच्या साहाय्याने जळते. तो भलत्या जागी झिरपला तर आगीला निमंत्रणच! आपल्या इस्रोचे शास्त्रज्ञ तेथे हजर होते. गळती पूर्ण दुरुस्त केल्याशिवाय उड्डाण नको, असा आग्रह त्यांनी धरला. तपासणीत नळीला तडा गेल्याचे आढळले, असे इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर सांगितले. दुरुस्ती झाली. २५ जूनला उड्डाण झाले, दुसऱ्या दिवशी यान स्थानकाला जोडले गेले आणि १५ जुलैला चौघेही अंतराळवीर सुखरूप परतले.

आमच्या माता-भगिनी गॅसच्या नळीला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहतात. धायरी-नऱ्ह्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करणारा आपला भाऊही जोड तपासल्याशिवाय माल पुढे देत नाही. ‘चालतंय की’ म्हणून काम रेटले तर काय होते, हे त्याला पक्के ठाऊक असते. विज्ञान म्हणतात ते याच सवयीला. शंका आली की थांबायचे, तपासायचे, मगच पुढे जायचे.

ही सवय मोडली की काय होते? २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान झेपावणार होते. आदल्या रात्री अभियंत्यांनी बजावले होते, की थंडीने रॉकेटच्या जोडांतील रबरी कड्या कडक होतील, उड्डाण करू नका. वरिष्ठांनी त्यांचे ऐकले नाही. ७३ सेकंदांत यान नष्ट झाले आणि सात जण प्राणास मुकले. त्यांत एक शाळामास्तरीणही होती. बोलणारे लोक तेथेही होते, ऐकणारे नव्हते!

आता भारताच्या स्वतःच्या गगनयानाची तयारी चालू आहे. आपल्याच रॉकेटमधून आपली माणसे पाठवायची आणि पुढे २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारायचे, असे ठरले आहे. त्याच्या तारखाही पुढे गेल्या आहेत. लोक नावे ठेवतात. आम्ही म्हणतो, उशीर झाला तरी चालेल, पण वर जाणारा प्रत्येक जण घरी परत आला पाहिजे.

आणि हा न्याय केवळ अंतराळवीरापुरता का असावा? परातीला बांधलेला दोर झिजला आहे, मशीनचे झाकण निघाले आहे, असे सांगणाऱ्या कामगाराला ‘गप्प काम कर’ म्हणून दटावले जाते. त्याचा जीव शुक्लांच्या जीवापेक्षा स्वस्त नाही. वाचकहो, आपल्या मुलामुलींना गणित-विज्ञान तर शिकवाच, पण धोका दिसला तर ‘थांबा’ म्हणण्याचे धैर्यही शिकवा. आणि घरातल्या लहानग्याने ‘थांबा’ म्हटले, तर आपणही क्षणभर थांबून ऐकू या.