केपचे ह्युगनो

हॉलंडच्या डेल्फ्सहाव्हन बंदरातून ३१ डिसेंबर १६८७ रोजी 'व्होरस्खोटन' नावाचे जहाज निघाले. त्यावर खलाशी आणि माल यांच्या जोडीला फ्रान्समधून परागंदा झालेली काही कुटुंबे होती. साडेतीन महिने समुद्रात काढून १३ एप्रिल १६८८ ला ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ पोचले. वारा इतका उलटा होता की केपटाऊनचा धक्का गाठता येईना, म्हणून उत्तरेकडच्या साल्डान्या उपसागरात नांगर टाकावा लागला. पुढच्या वर्षभरात अशी आणखी काही जहाजे आली. सगळी मिळून उतरलेली फ्रेंच माणसे जेमतेम दोनशेच्या घरात. एवढ्याशा जमावाने एका देशाच्या इतिहासावर जी छाप पाडली, ती आज सव्वातीनशे वर्षांनंतरही ठळक दिसते.

ही माणसे ह्युगनो, म्हणजे फ्रान्समधले प्रॉटेस्टंट. कॅथलिक फ्रान्समध्ये त्यांनी सोळाव्या शतकापासून मार खाल्ला होता. १५७२ च्या ऑगस्टमध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या सणाला पॅरिसमध्ये त्यांची कत्तल झाली, ती लाट पुढे गावोगावी पसरली. १५९८ मध्ये चौथ्या हेन्री राजाने नांतचे फर्मान काढून त्यांना उपासनेची मुभा दिली. ती चौदाव्या लुईने १६८५ च्या ऑक्टोबरात काढून घेतली. त्याआधीची काही वर्षे तर त्यांच्या घरांत सैनिक मुक्कामाला घातले जात. शिपायांनी घरात राहायचे, खायचे, मोडतोड करायची आणि घरचा कर्ता धर्म बदलायला तयार होईपर्यंत हलायचे नाही. नव्या हुकमाने प्रार्थनामंदिरे पाडली. धर्मोपदेशकांना पंधरा दिवसांत देश सोडायला सांगितले आणि बाकीच्यांना देश सोडायलाच बंदी केली. पळताना सापडलेल्या पुरुषाला सरकारी गलबतांवर वल्ही मारायला जन्माचे जुंपत, बाईची रवानगी तुरुंगात किंवा मठात होई. तरीही दीड-दोन लाख माणसे निसटली. रात्रीबेरात्री डोंगर ओलांडून, पिंपांत लपून, मच्छीमारांना पैसे चारून ती हॉलंड, इंग्लंड, स्वित्झर्लंड आणि जर्मन संस्थानांत पोचली.

डच ईस्ट इंडिया कंपनीला त्याच सुमारास केपमध्ये, म्हणजे आफ्रिकेच्या त्या दक्षिण टोकाला, शेतकरी हवे होते. १६५२ मध्ये यान व्हान रीबेकने तिथे ठाणे वसवले होते ते आशियाकडे जाणाऱ्या जहाजांना ताजी भाजी, मांस आणि पाणी मिळावे म्हणून. ठाणे वाढले तसे धान्य कमी पडू लागले. हॉलंडात आलेल्या निर्वासितांना कंपनीने सांगितले की प्रवास फुकट देतो, जमीन देतो, अवजारे आणि बियाणे उधारीवर देतो. बदल्यात कंपनीशी इमान राखायची शपथ घ्यायची, गरजेपुरतेच सामान न्यायचे आणि किमान पाच वर्षे तिथेच राहायचे. पाच वर्षांनी परतायचे झाले तर भाडे ज्याचे त्याने भरायचे.

सीमॉन व्हान डर स्टेल हा तेव्हा केपचा प्रमुख अधिकारी. त्याने या कुटुंबांना स्टेलनबॉश, ड्राकेनस्टाइन, पार्ल या भागांत जमिनी दिल्या. काही वर्षांनी बऱ्याच जणांना डोंगरांनी तिन्ही बाजूंनी वेढलेल्या एका दरीत जागा मिळाली. हत्ती तिथे विण्यासाठी येत, म्हणून तिला हत्तींचा कोपरा म्हणत. फ्रेंच वस्ती झाल्यावर ती फ्रान्सहूक झाली. एकेका कुटुंबाला साधारण साठ मॉर्गन, म्हणजे सव्वाशे एकरांच्या आसपास जमीन मिळाली. कागदावर ही मोठी शेतवाडी, प्रत्यक्षात झाडोरा, खडक आणि नदीकाठची दलदल. लोकांनी मळ्यांना नावे मात्र मायदेशाची दिली. ला मोत, प्रोव्हांस, शांपान्य, काब्रियेर ही नावे आजही वेशीवरच्या फलकांवर आहेत.

पहिली वर्षे उपासमारीची होती. या काळातली एक हकिकत मला फार बोलकी वाटते. तैवान बेटावर, तेव्हाच्या फोर्मोसात, डचांचे एक चर्च होते. ते बेट १६६२ मध्ये डचांच्या हातून गेले, पण त्या चर्चच्या गोरगरिबांसाठी साठवलेला पैसा जावा बेटावरच्या बटाव्हियात शिल्लक राहिला. १६९० मध्ये तो केपला पाठवून फ्रेंच कुटुंबांत, माणसे आणि गरज बघून, वाटण्यात आला. तैवानच्या गरिबांचे पैसे जावामार्गे आफ्रिकेतल्या फ्रेंच शेतकऱ्याच्या घरी पोचले आणि त्यातून बैल, नांगर, पेरणीचे दाणे आले.

जमीन रिकामी नव्हती. खोइखोइ पशुपालक पिढ्यानपिढ्या तिथे गुरे चारत आले होते. शार्ल मारे नावाचा निर्वासित बायकामुलांसह १६८८ मध्ये आला आणि वर्षाच्या आतच मेला. एक खोइखोइ माणूस त्याच्याकडे कलिंगड मागायला आला, वाद झाला, दगड लागला आणि त्या जखमेने मारे दगावला. ज्याच्या चराऊ रानात हा मळा उभा राहिला त्याला कलिंगड मागावे लागत होते, हे या प्रसंगात लिहिलेले नाही, पण वाचताना विसरता येत नाही.

मळे उभे राहिले तेही एकट्या ह्युगनोंच्या घामावर नव्हे. केपमध्ये कंपनी आणि शेतकरी दोघेही गुलाम बाळगत. ते मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियाची बेटे आणि आपल्याकडच्या बंगाल, मलबार, कोरोमंडल किनाऱ्यावरून आणले जात. दप्तरात त्यांची नावे 'अमुक व्हान बंगाल', 'तमुक व्हान मलबार' अशी सापडतात. खरे नाव काय, आईबाप कोण, याचा पत्ता नाही. धर्मासाठी घरदार सोडून आलेल्या माणसांनी दुसऱ्यांची घरे तोडून आणलेली माणसे विकत घेतली. फ्रान्सहूकवर लिहिणारे पुष्कळ जण इथे घाईने पुढे सरकतात, म्हणून मी थांबलो.

त्यांच्या भाषेचे काय झाले, ही या वस्तीची सर्वांत दुखरी गोष्ट. जहाजांपाठोपाठ प्येर सिमों नावाचे धर्मोपदेशक आले होते. ते एका रविवारी स्टेलनबॉशला, दुसऱ्या रविवारी ड्राकेनस्टाइनला फ्रेंचमधून उपदेश करत. १६८९ मध्ये त्यांच्यासह काही मंडळी व्हान डर स्टेलकडे स्वतंत्र फ्रेंच चर्चची मागणी घेऊन गेली, तेव्हा तो भयंकर संतापला. फ्रेंचांनी वेगळा गट करावा हेच त्याला नको होते. जमिनी वाटतानाही त्याने डच शेजाऱ्यांची पाचर मध्येमध्ये मारून ठेवली होती. हॉलंडहून चर्चला परवानगी आली, पण ती फार काळ टिकली नाही. १७०१ मध्ये कंपनीच्या संचालकांनी ठरवून टाकले की पुढचा धर्मोपदेशक डचमधूनच उपदेश करील आणि शाळेत मुलांना डचच शिकवायचे. सिमों १७०२ मध्ये निघून गेले. केपमध्ये बसून त्यांनी बायबलमधली स्तोत्रे फ्रेंच पद्यात आणली होती, ती १७०४ मध्ये ॲमस्टरडॅमला छापून निघाली. ज्यांच्यासाठी ती लिहिली त्यांच्या नातवंडांना ती वाचता येणार नव्हती.

पुढे दक्षिणेकडचे तारे मोजायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निकोला-लुई द ला काय १७५१ मध्ये केपला आला. म्हाताऱ्या पिढीबरोबर इथली फ्रेंच संपणार, हे त्याने तेव्हाच नोंदवून ठेवले. साठ-पासष्ट वर्षांत एक भाषा घरातून गेली. त्यासाठी कुणाला मारावे लागले नाही. शाळा आणि प्रार्थनामंदिर एवढे दोन दरवाजे बंद केले की पुरते.

आडनावे तेवढी टिकली, तीही डच कानांनी ऐकून डच हातांनी लिहिलेली. व्हियोंचे व्हिल्योन झाले, रूसोचे रॉसाउ, क्रोनिएचे क्रोन्ये, ल क्लेरचे डी क्लर्क. आपल्या क्रिकेटवेड्या घरांत ही नावे रोजची आहेत. ए. बी. डिव्हिलियर्स, फाफ डू प्लेसी, हॅन्सी क्रोन्ये, रायली रूसो, ऑस्ट्रेलियाकडून खेळणारा मार्नस लाबुशेन, इंग्लंडकडून खेळलेला आणि पार्लमध्ये वाढलेला डेव्हिड मलान. वानखेडेवर 'एबी, एबी' असा गजर व्हायचा, तेव्हा ज्या आडनावाला टाळ्या पडत होत्या ते ला रोशेलजवळून आलेल्या तीन भावांनी १६८९ मध्ये केपला आणले होते. प्येर, अब्राहाम आणि जाक द व्हिलिये. त्यांच्याबरोबर कंपनीच्या डेल्फ्ट कचेरीने शिफारसपत्र दिले होते की या मंडळींना द्राक्षबाग लावण्याचे आणि सांभाळण्याचे चांगले ज्ञान आहे.

दक्षिण आफ्रिकेची वाइन ह्युगनोंनी सुरू केली, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. व्हान रीबेकने केपच्या द्राक्षांची पहिली वाइन २ फेब्रुवारी १६५९ ला गाळल्याची नोंद स्वतःच्या रोजनिशीत केली आहे, म्हणजे व्होरस्खोटन येण्याच्या एकोणतीस वर्षे आधी. आलेल्या फ्रेंचांत सगळेच द्राक्षबागायतदार नव्हते. कोणी शेतकरी, कोणी सुतार, कोणी वैद्य. पण ज्यांना छाटणी येत होती त्यांनी दरीच्या उतारावर वेल चढवले आणि पुढच्या पिढ्यांनी तो धंदा सोडला नाही. शेनाँ ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाची जगातली सर्वांत मोठी लागवड आज दक्षिण आफ्रिकेत आहे. नाशिकच्या वाइन उद्योगानेही सुरुवातीला ज्या जाती धरल्या त्यांत शेनाँ ब्लाँ होतीच, त्यामुळे दिंडोरीच्या बागायतदाराला स्टेलनबॉशमधली बरीचशी बोलणी ओळखीची वाटतील.

वस्ती रुजली तसे हे लोक डचांत आणि जर्मनांत मिसळत गेले; या मिश्र गोऱ्या समाजालाच पुढे आफ्रिकानर म्हणू लागले. १७०६ च्या सुमारास व्हान डर स्टेलचा मुलगा गव्हर्नर होता. स्वतःच्या अफाट मळ्याचा माल पुढे रेटून तो शेतकऱ्यांची बाजारपेठ गिळू लागला, तेव्हा त्याच्याविरुद्ध तक्रारअर्ज गेला. सही करणाऱ्यांत जवळजवळ निम्मे फ्रेंच नावांचे होते. १७०७ मध्ये गव्हर्नरला परत बोलावले गेले. आलेल्या लोकांनी वीस वर्षांत तिथल्या सत्तेला नमवले होते.

भाषेचा धागा पुन्हा हाती लागतो तो १८७५ च्या ऑगस्टमध्ये, पार्लमध्ये. गिडियन मालहर्ब यांच्या घरी काही माणसे जमली आणि त्यांनी 'खऱ्या आफ्रिकानरांची मंडळी' स्थापन केली. डचमधून फुटून निघालेल्या, गुलाम आणि खोइखोइ यांच्या तोंडी घडलेल्या, स्वयंपाकघरातली म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बोलीला लेखी भाषा करायचे त्यांनी ठरवले. पुढच्या वर्षी त्यांचे वर्तमानपत्र निघाले. मालहर्ब, डू टॉय ही या मंडळीतली ठळक नावे दोन्ही ह्युगनोंची. ज्यांच्या पणजोबांची भाषा फर्मानाने मारली, त्यांनी आफ्रिकान्स उभी केली. पुढे युजीन मारे यांच्यासारखा कवी या भाषेला मिळाला. त्यांनी वाळवीच्या वारुळांचाही असा अभ्यास केला की तो निसर्गाच्या अभ्यासकांनी आजही वाचावा.

मला हे सगळे अभिमानाने सांगता आले असते, जर गोष्ट इथे थांबली असती. फ्रान्सहूकमध्ये १७ एप्रिल १९४८ रोजी ह्युगनो स्मारकाचे उद्घाटन झाले. तीन उंच कमानी आणि पुढे एका स्त्रीचा पुतळा, एका हातात बायबल, दुसऱ्या हातात तुटलेली साखळी. सव्वा महिन्याने निवडणूक झाली आणि डॅनियल फ्रांस्वा मलान पंतप्रधान झाले. जाक मलान या ह्युगनोचे ते वंशज. त्यांच्या सरकारने वर्णभेदाला कायद्याचे रूप दिले. १९५० च्या वस्तीविभागणी कायद्याने कोणत्या वर्णाच्या माणसाने कुठे राहायचे ते सरकार ठरवू लागले. याच कायद्याने केपटाऊनमधली डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती १९६६ मध्ये गोऱ्यांची जाहीर झाली आणि साठ हजारांवर माणसे हलवली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणातले मुसलमान केपटाऊनमध्ये स्थायिक झाले होते, घरी कोकणी बोलत होते, दुकाने चालवत होते. वस्तीविभागणीचा फटका त्यांच्याही घरांना बसला. १६ जून १९७६ ला सोवेटोत शाळकरी मुले रस्त्यावर उतरली आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ती शाळेत आफ्रिकान्समधून शिकायची सक्ती नको म्हणून. १७०१ चा हुकूम ज्यांच्यावर झाला त्यांच्या वारसांनी तसाच हुकूम दुसऱ्यांच्या मुलांवर बजावला. स्वतःवरचा अन्याय आठवत असला म्हणून तो दुसऱ्यावर होताना दिसतोच असे नाही, याचा एवढा ठसठशीत दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

याच आडनावांच्या माणसांनी उलटी वाटही धरली. १७८८ मध्ये डेव्हिड मलान नावाचा श्रीमंत मळेवाला शेजाऱ्याच्या सारा नावाच्या गुलाम तरुणीसह घोड्यावरून पळून गेला. मागे व्हर्जलेगनसारखा मळा, बायको आणि मुले सोडून. फ्रेडरिक विलेम डी क्लर्क यांनी २ फेब्रुवारी १९९० ला संसदेत बंदी असलेल्या पक्षांवरची बंदी उठवली, नऊ दिवसांनी नेल्सन मंडेला तुरुंगाबाहेर आले. माझ्या मते या सगळ्यांत मोठे माणूस बेयर्स नोडे. त्यांचे पूर्वज १७१८ मध्ये केपला आले. वडील आफ्रिकानरांच्या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी आणि स्वतः नोडे तिचे सभासद, डच रिफॉर्म्ड चर्चचे प्रतिष्ठित धर्मोपदेशक. १९६० मध्ये शार्पव्हिलला काळ्या निदर्शकांवर गोळीबार झाला आणि त्यांचे मन पालटत गेले. १९६३ मध्ये त्यांनी जोहान्सबर्गमधल्या आपल्या मंडळीपुढे शेवटचे प्रवचन केले आणि वर्णभेदाला विरोध करण्यासाठी धर्मपीठ सोडले. जवळचे लोक रस्त्यात तोंड फिरवू लागले. १९७७ ते १९८४ अशी सात वर्षे सरकारने त्यांना घरापुरते आणि एका वेळी एका माणसाशी बोलण्यापुरते बांधून ठेवले. २००४ मध्ये ते वारले तेव्हा त्यांची रक्षा अलेक्झांड्रा या काळ्यांच्या वस्तीत विखुरली गेली.

जोहान्सबर्गच्या वायव्येकडे जाणारा एक लांबलचक रस्ता पूर्वी डी. एफ. मलान ड्राइव्ह या नावाने ओळखला जायचा. आता त्याचे नाव बेयर्स नोडे ड्राइव्ह आहे.