उलटी वाहणारी नदी

'नद्यांचे महत्त्व' शिकवताना आपण काय सांगतो? पिण्याचं पाणी, शेती, वाहतूक, मासेमारी. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. त्याऐवजी एकदा नकाशावर कंबोडिया दाखवून बघा. देशाच्या पश्चिम भागात एक लांबट निळा डाग दिसेल. ते टोनले साप सरोवर.

या सरोवरातून त्याच नावाची नदी निघते आणि राजधानी नॉम पेन्हजवळ मेकाँगला मिळते. इथवर सगळं साधं. पण पावसाळ्यात मेकाँग फुगते, तिची पातळी सरोवरापेक्षा वर जाते आणि ही नदी चक्क उलटी, सरोवराकडे वाहू लागते! मुलांना खरं वाटणार नाही. मग दोन बाटल्या नळीने जोडा, पाणी भरा आणि आधी एक, मग दुसरी वर उचला. लगेच पटतं.

उन्हाळ्यात जेमतेम मीटरभर खोल आणि सुमारे २,५०० चौरस किलोमीटर असलेलं हे सरोवर पुरात पाच-सहा पट पसरतं. काठचं जंगल पाण्याखाली जातं आणि त्या बुडालेल्या झाडाझुडपांत मासे पोसले जातात. पाणी ओसरताना ते नदीत उतरतात, तेव्हा मासेमारीची खरी धांदल. त्या दिवसांत मासळी खारवून, आंबवून 'प्राहोक' करून ठेवतात, वर्षभर भाताबरोबर पुरवतात. आपल्या कोकणात आगोटीला सुकी मासळी भरतात ना, तोच हिशोब.

घरंही पाण्याच्या तालावर. काही गावांत उंच खांबांवर, तर काही गावं सगळीच्या सगळी तरंगती. पाणी हटलं की घर ओढून पुढे न्यायचं. दुकान तरंगतं, शाळाही तरंगते आणि पोरं होडीने शाळेत येतात. (मधल्या सुट्टीत पळापळ कुठे करत असतील, हा प्रश्न तुमच्या वर्गात येणारच!)

साधारण नोव्हेंबरात प्रवाह पुन्हा सरळ होतो, तेव्हा 'बोन ओम तूक' हा जलोत्सव आणि होड्यांच्या शर्यती. हा सण पौर्णिमेचा, आणि त्यांच्या त्या महिन्याचं नाव संस्कृत 'कार्तिक'वरूनच आलंय. अंगकोरच्या बायोन मंदिराच्या भिंतींवरही होड्यांतली लढाई कोरली आहे, होड्यांखाली मासेसुद्धा.

फोटो सुंदर दिसतात, पण तिथे गरिबी आहे, आणि आता काळजीही. मेकाँग सहा देशांतून वाहते. वर चीन आणि लाओसमध्ये धरणं झाली आहेत, पाऊसही बेभरवशाचा झालाय. २०१९ साली उलटा प्रवाह बराच उशिरा सुरू झाला. पूर कमी म्हणजे जंगल कमी बुडतं, म्हणजे मासे कमी. आपल्याला पूर म्हणजे संकट. तिथे पूर न येणं हेच संकट.

वरच्या वर्गांना शिकवत असाल तर इथेच कृष्णा आणि अलमट्टीचा विषय काढा. वरच्या गावाने पाणी किती अडवायचं आणि खालच्याने किती मागायचं, यावर सांगली-कोल्हापूरच्या मुलांना बोलायला फारसं शिकवावं लागत नाही.